मागच्या फळीवरचा नाचणा

कोल्हापूरहून पश्चिमेला निघालेला रस्ता पंचावन्न किलोमीटरवर गगनबावड्याला पोचतो आणि तिथून कोकणात उतरायला दोन वाटा फुटतात. एक करूळ घाटाची, दुसरी भुईबावडा घाटाची. दोन्ही वैभववाडीकडे जातात. घाटाच्या अगदी माथ्यावर बसलेल्या या छोट्या तालुक्यात वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. याच जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, शंभरेक किलोमीटरवरच्या शिरोळमध्ये, त्याच्या दशांशाच्या जरा वर-खाली पडतो. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात धुके उतरले की सप्टेंबरपर्यंत ऊन म्हणण्यासारखे ऊन इथे दिसत नाही. अशा गावात बेगमी हा हौसेचा प्रकार असूच शकत नव्हता. मे महिन्याच्या उन्हात भात, नाचणा, वरी, हुलगा वाळवून कणगीत आणि डब्यांत भरायचा, मिरच्या वाळवून वर्षाची चटणी कांडून ठेवायची, सांडगे घालायचे, चिंच खारवून गोळे करायचे आणि घाटाखालून येणारी आमसुले, सुकट, बोंबील घेऊन ठेवायचे. १ जून ते ३१ जुलै समुद्रात यांत्रिक मासेमारी बंद असते, त्यामुळे सुक्या मासळीची खरेदी त्याआधी उरकावी लागते. दरड कोसळली, घाट बंद झाला, ओढ्याला पाणी आले, तरी चूल पेटली पाहिजे, एवढाच या सगळ्याचा हिशेब होता.

आता रस्ता बहुतेक दिवस चालू असतो, दुकान हाकेच्या अंतरावर असते, तरी बेगमीची सवय गेलेली नाही. भरणे चालू आहे, संपवणे मात्र थांबले आहे. फडताळाच्या किंवा माळ्यावरच्या मागच्या फळीला हात घातला तर गेल्या सुगीचा अर्धा डबा नाचणा सापडतो. हुलग्याची पिशवी सापडते आणि तिच्या तळाशी भुंग्याने पाडलेला भुसा असतो. आषाढी एकादशीला आणलेल्या वरीतल्या तीन मुठी उरलेल्या असतात. कोल्हापुरात, पुण्यात, मुंबईत राहायला गेलेल्या मुलांच्या स्वयंपाकघरांतही हेच. गावाहून आलेल्या गाठोड्यातले नाचण्याचे पीठ कौतुकाने डब्यात जाते आणि पुढचे गाठोडे येईपर्यंत तिथेच राहते. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार २०२२ या वर्षात जगात एक अब्ज टनांहून अधिक अन्न वाया गेले आणि त्यातले सुमारे ६० टक्के घरांतून गेले. आपल्याकडे वाया जाणे म्हटले की शिळा भात आणि उरलेली पोळी डोळ्यांपुढे येते. कच्चे धान्य डब्यातच जुने होते, तेव्हा त्याला कोणी वाया जाणे म्हणत नाही. ते फक्त राहून गेलेले असते.

असे का होते याची दोन उत्तरे सहज दिली जातात. एक, नव्या पिढीच्या जिभेला हे रुचत नाही. दुसरे, करायचे कसे ते आता कोणाला ठाऊक नाही. दोन्हींत थोडे तथ्य आहे, पण दोन्ही अपुरी आहेत. ज्या मुलाला आंबील नको असते, तोच मुलगा हॉटेलात बसून हुलग्याचे पिठले चवीने खातो. पाककृतींची तर चणचण कधीच नव्हती. लक्ष्मीबाई धुरंधरांचे 'गृहिणी-मित्र' १९१० मध्ये निघाले, कमलाबाई ओगल्यांची 'रुचिरा' १९७० मध्ये, आणि आज तर हातातल्या फोनवर हव्या तेवढ्या कृती मिळतात. तरीही डबा भरलेलाच राहतो. माझे म्हणणे असे आहे की घरातला कोणताही जिन्नस एकटा संपत नाही. त्याला एक सोबती असतो. तो सोबती घरातून निघून गेला की जिन्नस मागे पडतो आणि हळूहळू मागच्या फळीवर जातो. त्यामुळे नवी कृती शोधण्याआधी कोणता सोबती गेला ते शोधायला हवे.

नाचण्याचेच पाहू. गगनबावड्यात नाचणा मुख्यतः भाकरीतून आणि आंबिलीतून पोटात जाई. भाकरीबरोबर कालवण काहीही चाले, पण आंबिलीला ताक लागतेच. ताक कुठून येई? गोठ्यातल्या म्हशीच्या दुधातून. घरचे दूध विरजायचे, घुसळायचे, लोणी काढून तूप कढवायचे आणि उरलेले ताक माणसांनी प्यायचे, हा रोजचा क्रम होता. १९६३ मध्ये कोल्हापूर जिल्हा सहकारी दूध उत्पादक संघ, म्हणजे आपला गोकुळ, उभा राहिला आणि हळूहळू गावोगाव दूधसंस्था झाल्या. सकाळ-संध्याकाळ दूध डेअरीत जाऊ लागले, दर दहा दिवसांनी बिल हातात पडू लागले. या व्यवस्थेने डोंगराळ तालुक्यातल्या बायकांच्या हाती वर्षभर नियमित पैसा आणला. ज्या घरात वर्षातून एकदाच, भात विकल्यावर, पैसा दिसत असे, तिथे ही मोठी गोष्ट झाली, आणि ती कमी लेखण्याचा माझा हेतू नाही. पण याच व्यवहारात घरातली रवी थांबली. ताक गेले, आणि ताकाबरोबर आंबीलही गेली. नाचण्याने चव बदलली नव्हती. त्याचा जोडीदार किटलीतून डेअरीत गेला होता.

हुलग्याची गोष्ट थोडी वेगळी. भात काढल्यावर जमिनीत जी ओल उरते तिच्यावर, फारसे काही न घालता, हुलगा येई. त्याचा पहिला सोबती शेतातली ती मोकळी फट होती. कुंभी नदीचे पाणी अडले, तालुक्यात साखर कारखाना उभा राहिला आणि सपाटीच्या जमिनीत ऊस आला. ऊस वर्ष-दीड वर्ष जागा सोडत नाही, त्यामुळे दोन पिकांमधली फट उरली नाही. दुसरा सोबती होता चुलीतला विस्तव. रात्रीचा स्वयंपाक झाल्यावर निखाऱ्यांवर हुलग्याचे गाडगे ठेवून द्यायचे, सकाळी दाणा मऊ शिजलेला मिळे, वरच्या पाण्याचे कढण होई आणि दाण्याची उसळ. गॅसच्या शेगडीवर रात्रभर काही ठेवता येत नाही. तिथे प्रत्येक मिनिटाचे पैसे पडतात. तेव्हा हुलगा मागे पडला तो वेळखाऊ म्हणून. वेळ पूर्वीही लागायचा, फक्त तो कोणाला मोजावा लागत नसे.

वरीचा सोबती तर मनातूनच गेला. डोंगरउतारावर वरी हे रोजच्या भाताचे धान्य होते, भात कमी पडला की वरी शिजे. पुढे तिचे नाते फक्त उपवासाशी उरले. आता घरात वरी येते ती एकादशीच्या आदल्या दिवशी, अर्धा किलोच्या पुडीत. तिच्यातल्या दोन वाट्या शिजतात आणि बाकीची पुढच्या उपवासाची वाट पाहत बसते. जे धान्य फक्त उपवासाला चालते असे आपण ठरवले, ते इतर दिवशी आपोआप न चालणारे झाले.

या सगळ्यावर कळस चढला तो रेशनच्या तांदळाने. २०१३ च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्याने प्राधान्य कुटुंबातल्या प्रत्येक माणसाला महिन्याला पाच किलो धान्याचा हक्क दिला. तांदूळ तीन रुपये, गहू दोन रुपये आणि भरडधान्य एक रुपया किलो असा दर कायद्यातच होता, आणि जानेवारी २०२३ पासून हे धान्य मोफत मिळते. ज्या घराने उपासमार पाहिली आहे त्याला या पाच किलोंचे मोल समजावून सांगावे लागत नाही. पण कायद्यात भरडधान्याचा उल्लेख असूनही आपल्याकडे थैलीत पडला तो मुख्यतः तांदूळ आणि गहू. शेजारच्या कर्नाटकाने दक्षिणेकडच्या जिल्ह्यांत रेशनवर नाचणी दिली, कारण तिथे ती रोज खाल्ली जाते. गगनबावड्यात जे पिकते आणि जे पचते ते रेशनच्या दुकानात नव्हते, आणि जे दुकानात फुकट होते ते घरच्या डब्यातल्या दाण्याला मागे ढकलत गेले. फुकटचा तांदूळ आधी शिजणार हे साहजिक आहे.

२०२३ हे वर्ष भारताच्या प्रस्तावावरून आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून साजरे झाले. त्यानिमित्त नाचणीची बिस्किटे, नाचणीचे नूडल्स, नाचणीच्या शेवया आणि लाडू बाजारात आले. बचत गटांना त्यातून चार पैसे मिळाले असतील तर आनंदच आहे. मात्र स्वयंपाकघराच्या बाजूने पाहिले तर बिस्किटाचा पुडा घरातल्या नाचण्याचा डबा रिकामा करत नाही, त्याच्या शेजारी आणखी एक डबा ठेवतो. भरडधान्य खाणे वाढले असे पुड्यांच्या विक्रीवरून म्हणता येईल. घरचे धान्य संपले का, हे मात्र फडताळ उघडल्याशिवाय कळत नाही.

मग करायचे काय? गेलेला सोबती परत आणता येतो का ते आधी पाहावे आणि येत नसेल तर नवा द्यावा. डेअरीला दूध घालणारे घर रोज लोणी काढायला बसणार नाही, पण आंबिलीला घुसळलेलेच ताक हवे असे कुठे आहे? रात्री पातेल्यात दोन पळ्या नाचण्याचे पीठ पाण्यात कालवून त्यात चमचाभर दही घालून झाकून ठेवावे. गगनबावड्याच्या गारठ्यात नुसते पीठ लवकर आंबत नाही, म्हणून हे विरजण. सकाळी पाण्याला उकळी आणून मीठ घालावे आणि ते कालवण एका हाताने सोडत दुसऱ्या हाताने ढवळत राहावे. आधी ते पातळ, मातकट दिसते. मग अचानक दाट होते, रंग गडद चॉकलेटी येतो आणि पळीवर तकाकी चढते. तिथून दोन-तीन मिनिटांत ते शिजते. कोमट झाले की वाटीभर दही पाणी घालून फेटून त्यात मिसळावे, ठेचलेला लसूण, जिरे आणि बारीक चिरलेला कांदा घालावा. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७ च्या तक्त्यांनुसार १०० ग्रॅम नाचणीत ३६४ मिलिग्रॅम कॅल्शियम असते. पांढऱ्या तांदळात ते दहाच्याही आत असते. नाचणीतले काही घटक हे कॅल्शियम अंगी लागू देत नाहीत, आणि आंबवल्याने किंवा मोड आणल्याने त्या घटकांचा जोर कमी होतो. रात्रभर पीठ भिजवणाऱ्या बायकांना हे तक्ते माहीत नव्हते, पण त्यांची रीत त्या तक्त्यांशी जुळते.

हुलग्याला नवा सोबती मिळालेलाच आहे, तो म्हणजे कुकर. रात्री भिजवलेला हुलगा सकाळी कुकरमध्ये शिजतो, आणि निखाऱ्यांची रात्र वीसेक मिनिटांत उरकते. पण त्याहून सोपा मार्ग पिठाचा. हुलगा मंद आचेवर भाजून भरडायचा, साल पाखडून टाकायचे आणि डाळ गिरणीत दळून आणायची. भाजल्याने ओल जाते, भुंग्याची अंडी मरतात आणि पीठ महिनोन्‌महिने टिकते. तेलात मोहरी, ठेचलेला लसूण आणि मिरची परतून पाणी ओतावे, त्यात दोन आमसुले आणि मीठ टाकावे, उकळी आली की पीठ भुरभुरत ढवळावे. कच्चा वास जाऊन फदफद आवाज येऊ लागला की पिठले झाले. भाताला पातळ, भाकरीला घट्ट. दहा मिनिटांत होणारे हे कालवण आहे आणि त्यातल्या हुलग्यात वजनाच्या पाचव्या हिश्श्याहून जास्त प्रथिने असतात. आमसूल घाटाखालचे, हुलगा घाटावरचा. गगनबावड्याच्या ताटात हे दोन्ही पूर्वीपासून एकत्र येत आले आहेत.

वरीचा सोबती परत आणायला तर काहीच लागत नाही. ती सोमवारी तांदळाऐवजी शिजवायची, वर पातळ आमटी वाढायची, इतकेच. वरीचे आणि तांदळाचे पीठ मिसळून धिरडी होतात, नाचण्याचे मूठभर पीठ थालीपिठात, घावनात, अगदी चपातीच्या कणकेतही मुरते. सुकटीला मात्र घाई करावी लागते. जुलैच्या हवेत ती ओल धरते, म्हणून पावसाच्या पहिल्या महिन्यातच कांद्यावर परतून नाचण्याच्या भाकरीबरोबर ती संपवावी. सुकट आणि नाचणा एकाच जेवणात गेले तर दोन डबे एकदम खाली येतात.

इथे एक फरक ध्यानात ठेवायला हवा. मुरणे वेगळे आणि पडून राहणे वेगळे. जुना तांदूळ नव्यापेक्षा जास्त पाणी पितो आणि भात मोकळा होतो, म्हणून जाणती घरे तो मुद्दाम वर्षभर ठेवतात. चिंच जुनी होते तशी काळी आणि दाट होते. या वस्तू जुन्या व्हाव्यात असे ठरवून ठेवलेल्या असतात. नाचणा या दोन्हींच्या मध्ये आहे. त्याचा दाणा इतका बारीक की सोंड्याच्या अळीला आत वाढायला जागाच मिळत नाही, त्यामुळे कोरडा ठेवला तर तो वर्षानुवर्षे टिकतो. दुष्काळाचे धान्य म्हणून त्याची ख्याती याच गुणामुळे. पन्हाळ्याच्या अंबरखान्यात गंगा, यमुना आणि सरस्वती अशा तीन कोठ्या आहेत, त्यांतली गंगा सर्वांत मोठी, पंचवीस हजार खंडी धान्य मावेल अशी. तिथे भाताबरोबर नागली, म्हणजे नाचणाच, आणि वरीही साठवत. १६६० मध्ये सिद्दी जौहरचा वेढा काही महिने चालला तेव्हा गडाचा आधार अशा साठ्यांवर होता. पण गडाचे कोठारही वेढ्यासाठी भरत, आणि वेढा न पडला तर जुने काढून नवे भरावे लागे. नाचण्याच्या दाण्याला काही होत नाही म्हणून आपण तो पुढे ढकलतो. त्याचे पीठ मात्र तसे नसते. बाजरीच्या पिठासारखे ते आठवड्याभरात कडवट होत नाही, तरी पावसाळी हवेत त्याचे गोळे होतात. म्हणून दाणा ठेवावा, पीठ ठेवू नये, आणि दळताना पंधरा दिवसांपुरतेच दळावे.

यावर पहिला आक्षेप रास्त आहे. हे सगळे करणार कोण? नाचण्यात बारीक खडे असतात, ते निवडायचे, धुऊन वाळवायचे, गिरणीत न्यायचे, भाकरीसाठी उकड काढायची, कारण या पिठाला गव्हासारखा चिकटपणा नसतो. परंपरेच्या नावाखाली हे सारे पुन्हा घरच्या बाईच्या खांद्यावर टाकायचे असेल तर तो डबा भरलेलाच राहिलेला बरा. पण वर सांगितलेल्या पदार्थांचा हिशेब मांडून पाहा. पिठले दहा मिनिटांचे, आंबील पंधरा मिनिटांची, वरी तर तांदळाहून लवकर शिजते. चार माणसांच्या चपात्या लाटण्यापेक्षा यातले काहीच जास्त वेळ खात नाही. खरे कष्ट निवडण्यात आणि दळून आणण्यात आहेत, आणि त्या दोन कामांना स्वयंपाकाचे कौशल्य लागत नाही. सूप मांडीवर घेऊन बसायला आणि गाडीवरून गिरणीत जायला घरातल्या पुरुषाला कोणी अडवलेले नाही.

दुसरा आक्षेप अधिक खोल जातो. नाचणा हे गरिबीचे धान्य होते. ज्यांनी वर्षानुवर्षे नाचण्याची भाकरी आणि कोरडी चटणी खाल्ली, त्यांनी पांढरा भात ताटात आल्यावर सुटकेचा श्वास टाकला. त्यांना आता शहरातल्या आहारतज्ज्ञाने नाचणीचे गुण सांगावेत, यात त्यांचा अपमान आहे. हे मला मान्य आहे, म्हणून मी कोणाला तांदूळ सोडायला सांगत नाही. नाचणा खावाच लागत होता तेव्हाची भाकरी वेगळी होती, आणि घरात तांदूळ, गहू, दूध, भाजी असताना आठवड्यातून दोनदा केलेली भाकरी वेगळी आहे. सक्ती गेल्यावरही जिन्नसावरचा कमीपणाचा शिक्का तसाच राहिला, तर नुकसान त्या घराचेच होते, कारण धान्य त्याने स्वतःच्या घामाने पिकवलेले असते.

तिसरी शंका आरोग्याची, आणि इथे माझे उत्तर कठोर आहे. संपवायचे म्हणून काहीही संपवू नये. हुलग्याला चार भोके पडली असतील तर तो निवडून, धुऊन, भाजून घेता येतो. पण ज्या दाण्यावर हिरवी-काळी बुरशी आली आहे, ज्याला कुबट वास येतो, जो ओलसर होऊन चिकटला आहे, तो फेकायचाच. शेंगदाणा, मका, तांदूळ यांवरच्या बुरशीचे विष उन्हात वाळवून जात नाही आणि शिजवूनही जात नाही. असे धान्य जनावरांपुढेही टाकू नये. गगनबावड्याच्या हवेत हा धोका खरा आहे, आणि म्हणूनच डबा वेळेत खाली करण्याचे महत्त्व इतर ठिकाणांहून इथे जास्त आहे.

शेवटची शंका शेतकऱ्याच्या बाजूची. घरातला एक डबा संपल्याने नाचण्याचे क्षेत्र वाढते का? केंद्राने नाचणीचा हमीभाव २०२३-२४ मधल्या ३,८४६ रुपयांवरून २०२५-२६ साठी ४,८८६ रुपये क्विंटल केला. कोल्हापूरच्या शेंडा पार्कातल्या संशोधन केंद्रातून 'फुले नाचणी', 'फुले कासारी' असे वाण निघाले. हे गरजेचेच आहे. पण घाटमाथ्यावरच्या वरकस जमिनीत निघणाऱ्या चार-सहा पायल्या हमीभावाच्या काट्यावर जाणार नाहीत. त्या पेराव्यात की न पेराव्यात हे घरातल्या जेवणावर ठरते. गेल्या वर्षीचा नाचणा डब्यात तसाच दिसला की यंदा कशाला लावायचा, असे घरातच कोणीतरी म्हणते. एक-दोन वर्षे तो लावला नाही की बी संपते, आणि मग परत सुरुवात करायला दुसऱ्याच्या दारात जावे लागते. इतक्या लहान पिकाचे भवितव्य मंत्रालयाइतकेच फडताळातही ठरते.

हा अंक हातात येईल तेव्हा गगनबावड्यात भात खळ्यावर आलेला असेल आणि उतारावरच्या नाचण्याची कणसे खुडली जात असतील. गेल्या वर्षीचा डबा अजून खाली यायचा आहे. थंडी सुरू झालेली असते, सकाळी आंबील गरमच बरी लागते, आणि आता दही विरजायला रात्रभर चुलीच्या उबेला ठेवावे लागते. शेराचा नाचणा असेल तर चार माणसांच्या घरात तो आठवडाभर पुरतो. डबा रिकामा झाला की धुऊन, पुसून, मार्गशीर्षातल्या कोरड्या उन्हात दोन दिवस उपडा घालायचा. तोवर नवा नाचणा मळून, वारवून, भरण्याजोगा कोरडा झालेला असतो.